माशीचा साक्षीदार

अण्णांच्या गमती लिहून काढ, असं घरचे मला कितीदा म्हणाले. मी दरवेळी टाळलं. त्यातली एक गंमत माझी आहे आणि तिची मला अजून लाज वाटते.

भिंगारला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये अण्णा राहायचे. मूळचे पारनेरकडचे, नोकरी लष्कराच्या स्टोअरमध्ये. तिथली वस्तू दुसऱ्या माणसासमोरच बाहेर काढायची, ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती. पेटीत पत्र टाकताना ते वाटेवरच्या माणसाला थांबवत. "बगितलं ना? पडलं ना आत? साक्षीदार पायजे." कुलूप लावलं तरी साक्षीदार. काकू म्हणायच्या, "लग्नाला गावभर साक्षीदार हुते, म्हनून तर माझी सुटका न्हाई."

बहुतेक वेळा साक्षीदार मीच. तेव्हा मी विशीतला, नोकरी नसलेला.

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या उन्हाळ्यात अण्णा एकाएकी माश्या मारू लागले. वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन अंगणभर झडपा घालायचे. आभाळात ढग नसताना डोळ्याच्या कडेला वीज चमकते म्हणायचे. काकू वैतागल्या. "कुठं हाय माशी? आधी नगरला जाऊन डोळे दाखवा."

अण्णांनी मला हाक मारली. "तू सांग. हाय का न्हाई माशी?"

गल्लीतली मित्रमंडळी बघत होती. मी हवेत टाळी मारली, तळहात निरखला. "निसटली, अण्णा. लई चपळ हाय."

मित्र हसून लोळले. अण्णा काकूंना म्हणाले, "दोघांला दिसती, म्हंजी माशीच हाय." डॉक्टरांकडे जाणं राहिलं. पुढे काही दिवस आम्ही दोघं मिळून माश्या मारत होतो.

मग एका सकाळी अण्णांच्या उजव्या डोळ्यापुढे खालून काळं काही वर चढू लागलं. नगरच्या डॉक्टरांनी थेंब घालून आत पाहिलं आणि लगेच मुंबईला धाडलं. मी सोबत होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, "माश्या आणि वीज दिसू लागली, तेव्हाच आतला पडदा फाटला होता. तेव्हा आला असता तर ते भोक बंद करता आलं असतं. आता पडदाच सुटलाय."

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही. अण्णा पुटपुटायचे, "हललो न्हाई. साक्षीदार हाय बसलेला." तरी डोळा गेलाच.

घरी आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "तुला पन माश्या दिसत हुत्या की. मी आपला सवताचंच दाखवून आलो. चल नगरला."

मी नको नको म्हणत गेलो. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, तपासलं, काही नाही म्हणाले. बाहेर उन्हात मला समोरचं धड दिसेना. अण्णा माझा हात धरून एका डोळ्याने रस्ता बघत स्टँडपर्यंत आले. "माझा गेला, पर तुझं येळंवर बगितलं गेलं. ब्येस झालं."

सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बस आली, आणि त्यांनी आधी मला वर चढवलं.

पुढे ते होते तोवर, भेटलो की पहिला प्रश्न हाच असायचा. "माश्या दिसत न्हाईत ना रं?"

"नाही, अण्णा," मी म्हणायचो. कधीच दिसल्या नव्हत्या, माफ करा, एवढं त्यापुढे म्हणायचं असायचं. ते राहिलं.