अकरा पेले खाली ठेवले!

माझ्याइतक्या झपाट्याने पवित्र स्थळं दाखवणारा गाइड जॉर्डनमधल्या अख्ख्या मादाबा गावात सापडायचा नाही! जमिनीवरच्या जुन्या नकाशाचं चर्च, रंगीत खड्यांची दोन-चार मोझेक चित्रं आणि मग बायबलातल्या मोशेने मरण्याआधी जिथून वचनदत्त देश नुसता लांबून पाहिला तो नेबो डोंगर. सगळं पाच तासांत, वर जेवणही!

"जिरीस, बढाया पुरेत," आमच्या सहल कंपनीच्या मालकीणबाई ओदेत सकाळीच म्हणाल्या. "गेल्या दोन्ही वेळी फाटक बंद झाल्यावर पोचलास. आज पाचच्या आत नेबोवर दिसला नाहीस, तर उद्यापासून येऊ नकोस!"

"चारला पोचतो, बाई!"

पाहुणे होते नॉर्वेच्या एका चर्चच्या गायनमंडळातले अकरा आजोबा. डोंगरावर स्तोत्र म्हणायचं म्हणून सगळे काळ्या सुटात. दोन वाजता नकाशाच्या चर्चपाशी आलो, तर रांग थेट बाजारापर्यंत! माझे पाय थाऱ्यावर राहीनात. तेवढ्यात आठवलं, अबू सामेरकाकांच्या बैठकीच्या जमिनीतच बायझंटाइन काळातलं हरणाचं मोझेक आहे. लगेच फोन लावला.

"काका, दहा-अकरा मोठी माणसं घेऊन येतो. पाच मिनिटांचं काम आहे!"

काका म्हणाले, "ये बाळा, ये! कधीपासून वाट बघतोय!"

मला वाटलं, मोझेकचं कौतुक कुणाला नको असतं?

आम्ही आत गेलो. अकरा आजोबा गोल बसले आणि हरीण बघत माना खाली घालून राहिले. कडू कॉफी आली. मंडळाचे प्रमुख असलेल्या, सर्वांत थोरल्या सिगुर्ड आजोबांना डॉक्टरांनी कॉफी बंद केलेली. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला. चाळीस वर्षं त्यांच्या हाताकडे बघून गाणारी ती मंडळी! बाकीच्या दहांनीही पेले खाली ठेवले.

आमच्याकडे मुलीला मागणी घालायला आलेली वडीलधारी माणसं असाच पेला खाली ठेवतात, आणि मुलगी दिली म्हटल्याशिवाय उचलत नाहीत!

काकांचे डोळे भरून आले. "तुझ्या घरात वडीलधारं कुणी उरलं नाही, म्हणून थेट युरोपातून माणसं आणलीस? आणि काय विनय! मान वर करत नाहीत!"

"काका, ते हरीण..."

"लाजू नकोस! तीन वर्षं माझ्या लेकीच्या, रीमाच्या औषधाच्या दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या नेतोयस. आम्ही काय आंधळे आहोत?"

आता खरं सांगावं, तर अकरा माणसांदेखत त्यांचा अपमान. समजूत काढत बसावं, तर तास जाणार. घड्याळात तीन वाजले होते! शिवाय खरं सांगू का, माझं डोकं कधीच दुखत नव्हतं.

"हो काका, रीमाच हवी!" मी म्हणालो. "पण जरा पटकन!"

दारातून रीमा कडाडली, "मला मागायला आलास आणि नजर घड्याळावर? लग्न त्याच्याशीच लाव!"

"मग नाही म्हणू?" काकांनी विचारलं.

"तसं कुठं म्हणाले मी!" ती म्हणाली आणि आत पळाली.

"प्या कॉफी! मुलगी दिली!" काका गरजले. मी खुणा केल्या तसे दहा आजोबांनी पेले रिकामे केले आणि अकराव्याचा मी. सुटलो म्हणून उठलो, तर काकांनी खांदा दाबून खाली बसवलं. सोयरीक झाली आणि न जेवता जायचं? मेंढा कापला गेला, शेजारी गोळा झाले, बायकांनी टिपेचा सूर लावला. नॉर्वेकरांना वाटलं गायची पाळी आपली, आणि त्यांनी अख्खं स्तोत्र म्हटलं. सगळी कडवी!

मन्सफचं ताट आलं तेव्हा सव्वापाच झाले होते. मोशेला निदान लांबून तरी देश दिसला. आम्हाला फाटकही दिसलं नाही.

फोन वाजला. ओदेतबाई! "नाही ना पोचलास? बस आता घरी!" खट्!

काकांनी भातामांसाचा पहिला घास मला दिला आणि सगळ्यांकडे वळून हात वर केला.

"बरं जावईबापू, रीतीप्रमाणे चार माणसांसमोर विचारतो. नोकरी कशी चाललीय?"

मी तो घास तोंडात कोंबला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अगदी सावकाश चावत बसलो.