थेंबाचं वजन

"यंदा मी लव्हॉनच्या सोफ्यावर झोपणार नाही." एवढंच मी म्हटलं. तेही बटाटे सोलता सोलता, सहज. पण ऑर्लिननं पेपर खाली ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि पेपरच्या कडेला एक चित्र काढलं. पाण्याचा थेंब आडवा पडावा तसं. खाली दोन चाकं.

"हे काय?"

"आपलं घर," तो म्हणाला. "गाडीमागे ओढायचं."

"यात उभं कुठं राहायचं?"

"राहायचंच नाही. आत फक्त झोपायचं. स्वयंपाक मागचं झाकण वर करून, बाहेर उभं राहून करायचा."

"आणि पाऊस आला तर?"

"तर लवकर जेवायचं."

लव्हॉन ही माझी जाऊ. ऑर्लिनचा भाऊ डेल्मर, त्याची बायको. त्यांच्याकडे चाकांवरचं एक भलंमोठं घर आहे. त्यात दोन न्हाणीघरं आहेत (माणसं दोनच). दर जुलैत सगळं गणगोत आठवडाभर तलावावर जातं आणि आम्ही दोघं त्यांच्या सोफ्यावर झोपतो. एकतीस वर्षं! सोफ्यावर प्लास्टिक असतं. कूस बदलली की चर्र वाजतं. वर लव्हॉन गोड. आमच्या मिनेसोटात सगळेच गोड, तोंडावर वाईट कुणी म्हणून बोलणार नाही. "उकडत नाही ना गं तुला, आर्डिस?" असं तिनं विचारलं की समजायचं, खिडकी लाव.

तर घर बांधायचं ठरलं. अडचण एकच होती, आमची गाडी. इवलीशी. नऊशे पौंडांच्या वर काही ओढायचं नाही असं तिच्या पुस्तकात छापलंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पाच-पन्नास इकडेतिकडे चालतात. पण ऑर्लिननं चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय. गाडीच्या पुस्तकापुढे तो चर्चमध्ये काढतो तशी टोपी काढतो. नऊशे म्हणजे नऊशे. नाहीतर सोफा.

मग काय विचारता! गॅरेजच्या तुळईला त्यानं मासे तोलायचा काटा टांगला. फळी कापली, काट्यावर. स्क्रू काढले, काट्यावर. आकडा वहीत. पातळातलं पातळ प्लायवुड आणलं, तरी आतून त्याला भोकं पाडली. दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या निम्म्या कापल्या. चमच्यांच्या दांड्यांना भोकं पाडली. एक दिवस माझ्या उशीला हात घातला.

"अरे, पिसं आहेत ती! पिसांना कसलं वजन?"

"बारा औंस," तो म्हणाला. आणि निम्मी काढलीच.

आता मला सांगा, असा माणूस समोर असताना शहाण्यासारखं वागणं कुणाला जमेल? मला नाही जमलं. आठवीतून शाळेनं मला घरी पाठवलं, ते काही गणित येत नव्हतं म्हणून नाही. मास्तरांच्या डब्यात बेडूक ठेवला म्हणून.

त्यानं गादी काट्याला लावायच्या आधी मी तिच्या खोळीत घोड्याचे दोन नाल सरकवले. आकडा पाहून तो पांढराफटक. खाली उतरवली, परत टांगली. काट्यावर चापट मारली. मग वहीत बेरीज करून, उसासा टाकून, दाराची चौकट चार इंचांनी अरुंद केली. मी कोठीत जाऊन तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबून हसले. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या खिळ्यांच्या डब्यात शिसं टाकलं, त्यानं एक कपाट काढून टाकलं. (नाल मी नंतर काढून घेतले हो. शिसंही. चेष्टा वेगळी, नुकसान वेगळं. दाराचं मात्र माझ्या लक्षातच आलं नाही.)

जूनच्या शेवटी घर उभं राहिलं. पिवळं. खरं सांगू? मला ते फार आवडलं. मी त्याला चौकड्यांचे पडदे शिवले. बोलले नाही, पण दुपारी एकटीच आत जाऊन पडायचे. कूस बदलली तरी काही वाजत नव्हतं.

आता शेवटचं वजन. ते गावातल्या धान्याच्या कोठारावर. तिथं जमिनीत मोठा काटा आहे. मक्याचा ट्रक आधी भरलेला तोलतात, मग रिकामा. दोन्हींतला फरक तो माल. तिकडं आत बसलेला काटेवाला एल्रॉय आकडा भोंग्यावर ओरडून सांगतो, म्हणजे ड्रायव्हरला खाली उतरायला नको.

जुलैत तलावावर निघायच्या सकाळीच ते वजन ठरलं. माझ्या डोक्यात आलं, काट्यावर गेल्यावर आतून ठोकायचं. ठक, ठक, ठक. ऑर्लिनला वाटेल, आस तुटला! मी म्हटलं, "तू हो पुढे, मी चालत येते." तो टोपी आणायला गेला आणि मी पाय आधी घालून आत सरकले. दार लावलं, पडदे ओढले. (ओढत्या घरात बसायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण कोठार अर्ध्या मैलावर, आणि ऑर्लिन चालवतो बैलगाडीसारखा.)

तुम्ही म्हणाल, बाई, वजन करायला नेतायत आणि तू आत? हो! नाही सुचलं! माणूस स्वतःला वजनात धरतच नाही.

घर काट्यावर गेलं. ऑर्लिननं गाडी सोडवून पुढे नेली. मी ठोकायला मूठ उचलली, तेवढ्यात भोंगा बोलला.

"एक हजार चाळीस!"

माझी मूठ तशीच वर राहिली.

बाहेर ऑर्लिन वहीची पानं भराभर उलटायला लागला, ते मला आत ऐकू येत होतं. मग डेल्मरचा आवाज आला. तो आणि लव्हॉन बघायला म्हणून आले होते.

"काम वाईट नाही झालंय हं, ऑर्लिन," डेल्मर म्हणाला. "कोंबड्यांना झकास होईल."

"हं," ऑर्लिन म्हणाला. "होईल."

"मी सोफ्याची चादर धुऊन बरोबरच आणलीय," लव्हॉन म्हणाली. "म्हटलं, असावी."

मी आत पालथी. मनात हिशेब सुरू. बाहेर पडले तर सगळ्या कोठाराला माझं वजन कळणार. माझ्या लायसनवर एकशे चाळीस लिहिलंय, आणि एकोणीसशे एकोणऐंशी साली ते खरंही होतं. नाही पडले तर सोफा. मी म्हटलं, पडून राहावं. कोंबड्यांबरोबर दिवस काढू.

तेवढ्यात ऑर्लिन हळूच म्हणाला, "आर्डिसला एवढ्यात सांगू नका कुणी. मीच सांगेन. दुपारची ती आत जाऊन पडते. तिला वाटतं मला माहीत नाही."

मग कसली लाज आणि कसलं काय!

"कोंबड्या गेल्या खड्ड्यात!" मी ओरडले आणि दार लोटलं.

डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि कमरेशी अडकले. चार इंच! रोज मी कुशीवर वळून निघायचे, आज घाईत विसरले. एका हाताला डेल्मर, दुसऱ्या हाताला एल्रॉय. ऑर्लिन मागून दाराची चौकट धरून "हळू, हळू, पातळ आहे ती," म्हणत होता. (ती म्हणजे चौकट.) सोयाबीनचं पोतं पडावं तशी मी बाहेर आले.

एल्रॉय आत पळाला. सगळे भोंग्याकडे बघत उभे.

"आठशे साठ!"

ऑर्लिननं टोपी हवेत फेकली आणि सगळ्या शेतकऱ्यांदेखत माझा मुका घेतला. लग्नात घेतला होता तोही याच्यापेक्षा आखूड होता. लव्हॉननं चादरीची घडी आणखी एकदा घातली.

पण एल्रॉय नियमाचा माणूस. त्यानं पावती फाडून आणलीच. भरलेलं एक हजार चाळीस, रिकामं आठशे साठ, माल एकशे ऐंशी. मालाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, आर्डिस.

"खोटा आहे तुझा काटा!" मी म्हटलं. "वीस-वीसच्या उड्या मारतो तो!"

"खरं आहे, आर्डिस," एल्रॉय अदबीनं म्हणाला. "ट्रकांचा आहे ना. बरोब्बर वजन हवं असेल तर मागे डुकरांचा काटा आहे. तो पौंडापौंडाला बोलतो."

मी हट्टी. चढले.

एकशे अठ्ठ्याऐंशी.

एल्रॉय बिचारा ओशाळला. "काट्यात थोडाफार फरक असतोच," म्हणत त्यानं माझ्या जाकिटावरून पाठीवर हात फिरवला आणि मला खाली उतरवलं.

तिथूनच आम्ही तलावावर गेलो. पण पुढचे चार दिवस तिथं जे सुख भोगलं, ते सांगायलाच हवं. आमचा पिवळा थेंब पाण्याच्या काठाला, आणि गणगोतातल्या बायका माझ्या दिमतीला. "आर्डिस, आणखी थोडे भाजलेले बटाटे घे." "आर्डिस, सफरचंदाच्या पायचा हा तुकडा तुझाच." लव्हॉननंसुद्धा दोनदा वाढलं! मी म्हटलं, बघा, स्वतःचं दार असलं की माणसाला कसा मान येतो.

तीन दिवस गार वारा होता. चौथ्या दिवशी ऊन तापलं म्हणून मी भर उजेडात जाकीट काढलं. पाठीवर निळ्या खडूचा हातभर पट्टा.

"ऑर्लिन, हे काय आहे?"

"एल्रॉयचं," तो खाता खाता म्हणाला. "डुकरं तोलली की खूण करतो ना तो. सवयीनं ओढली असेल."

"म्हणजे मला विकायला काढलं?"

"छे! विकायची त्यांना लाल. निळी म्हणजे अजून अंग भरलेलं नाही, खायला घाला."

सगळे शेतकरी आमचे. सगळ्यांना वाचता येते ती खूण.

"आणि तू कधी पाहिलीस?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस रे?"

"एवढ्या प्रेमानं वाढत होते सगळे," ऑर्लिन म्हणाला, आणि माझ्या ताटातला पायचा तुकडा उचलून त्यानं तोंडात टाकला. "आणि निम्मं तर मीच खात होतो."