बायकोच्या दवाखान्यातलं हमीपत्र

एक कागद छापून घ्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून मोठमोठे बेत आखतात आणि सुखरूप सुटतात. माझा बेत छापखान्यातून निघाला तो थेट एका सज्जन माणसाच्या रक्तदाबापर्यंत जाऊन पोचला.

त्या काळी आमची ही घराच्या पुढच्या खोलीत झाडपाल्याची औषधं द्यायची. विद्या वडिलांकडून आलेली, वर रीतसर परीक्षा दिलेली. खोलीत लांब टेबल, मागे बरण्यांचं कपाट, दाराबाहेर बाक. त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. वाळलेली मुळं, मध, कुटलेली सुंठ आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर सदा काहीतरी उकळत असलेलं पातेलं. ऑफिसातून येताना गल्लीच्या तोंडाशीच तो वास यायचा आणि दिवसभर डोक्यावर बसलेला साहेब खाली उतरायचा. आता ती खोली आम्ही टीव्हीला दिली आहे. टीव्हीला कसलाच वास नसतो.

हिची एक पद्धत होती. नवा माणूस आला की नाडीबिडी नंतर. आधी हुकूम सुटायचा, "घरात जे जे गिळता ते सगळं पिशवीत घालून आणा." दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या, शेजारणीने दिलेलं चूर्ण, मेहुण्याने परगावाहून आणलेली ताकदीची बाटली, सगळं. ती पिशवी टेबलावर उपडी व्हायची आणि ही एकेक वस्तू हातात घेऊन विचारत बसायची. हे कशासाठी, कोणी दिलं, कधीपासून घेता, मध्ये बंद केलं होतं का. एका पिशवीला एक चहा लागायचा. आमच्या शिंप्याच्या पिशवीतून गोळ्यांबरोबर तंबाखूची डबी निघाली, तेव्हा त्याची बायको शेजारीच बसली होती. त्याचा खोकला औषध मिळण्याआधीच थांबला.

मी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात कारकून. आमच्याकडून तुम्हाला काहीही मिळणार नाही, हे लोकांना नम्र भाषेत कळवणं हे माझं काम. (माझी भाषा इतकी नम्र होती की काहीजण उलट टपाली आभार मानायचे.) अशा माणसाला घरात एवढ्या बरण्या असताना स्वस्थता कशी लाभणार? त्यातच या शिंप्याने पोटात घ्यायचा काढा गुडघ्याला चोळला आणि गुडघ्याचं तेल दुधातून घेतलं. त्याचं शिवणयंत्र काही दिवस बंद राहिलं. तो स्वतःच हसत हसत सांगायला आला. ही हसली नाही आणि मीही हसलो नाही, पण आमची कारणं वेगळी होती.

"उद्या हा कोर्टात गेला तर?" मी विचारलं.

"कोर्टाला जिने आहेत. त्याचा गुडघा अजून दुखतोय."

"चेष्टा नको. तू अडचणीत येशील."

"बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. पोटात काय, वरून काय. चूक माझी आहे," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या कापायला बसली.

मी हमीपत्र लिहायला बसलो.

अहाहा, काय लिहिलं होतं मी ते! 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहून देतो की, सदर औषधाने अथवा औषधाविना माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास त्यास मी स्वतः जबाबदार राहीन व नंतर तक्रार करणार नाही.' (नंतर तो करणार कशी, असं छापखानेवाल्याने विचारलं. कायद्याची भाषा अशीच असते, असं मी त्याला सांगितलं.) आणि सगळ्यात खाली माझ्या नोकरीतल्या सगळ्या अनुभवाचा अर्क होता, 'मी अन्य कोणतेही औषध घेत नाही. हे विधान खोटे ठरल्यास दोष सर्वस्वी माझा.'

हिने कागद वाचला. "यात पेशंट कुठे आहे?"

"सही करणारा तोच ना!"

"म्हणजे तुम्ही मला पेशंटपासून वाचवताय."

"अर्थात."

पेशंटची जीभ तपासताना बघायची तसं तिने माझ्याकडे बघितलं. पण मी घाबरलोय आणि तिच्यापायी घाबरलोय, हे तिला कळलं असणार. "बसा बाहेर सह्या घेत. पण पिशवी मी बघणार म्हणजे बघणार," एवढंच म्हणाली. खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. बायकोचं रक्षण करायची संधी विमा कंपनीतल्या माणसाला एरवी कुठे मिळते?

सुट्टीच्या दिवशी मी बाकाशेजारी खुर्ची टाकून बसलो. पहिल्या आल्या मागच्या गल्लीतल्या आजी.

"सर्दी झाली आहे रे मला."

"सही करा आजी."

"हे बरेवाईट म्हणजे काय?"

"काही नाही हो, समजा काही झालंच तर..."

आजींनी पदराने नाक पुसलं. "मग थांब. घर मुलाच्या नावावर करायचं राहिलंय." त्या गेल्या त्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. सर्दी बहुतेक धास्तीनेच पळाली. शिंप्याने मात्र न वाचता सही ठोकली आणि कागदाची कडा बोटांत धरून म्हणाला, "कापड चांगलं आहे."

मग आले हेडमास्तर. निवृत्त होऊन नुकतेच आमच्या भागात राहायला आलेले. कोट, काठी, सरळ पाठ आणि महिनाभराचा खोकला. त्यांनी हमीपत्र उभ्यानेच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे मी घरी नेऊन नीट वाचू का?"

असा पेशंट मला पाहिजेच होता. मी उठून उभा राहिलो. "अवश्य, सर. आणि येताना पिशवी आणा, बाईंची पद्धत आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. हमीपत्रावर सुंदर सही. हातात घडी घातलेली रिकामी पिशवी. हिने ती उलटी करून बघितली.

"काहीच घेत नाही?"

"सध्या काहीही नाही."

"सध्या म्हणजे? आधी काही..."

इथे मी दारातून डोकं आत घातलं. त्या डोक्याला आवरायला हवं होतं. "अगं, त्यांनी लिहून दिलंय. बाहेर माणसं खोळंबली आहेत." हेडमास्तरांनी मान हलवली. लिहून दिलेल्या गोष्टीवर पुन्हा बोलायची त्यांना सवय नव्हती. हिने पिशवीची घडी घालून परत दिली आणि खोकल्याचं नेहमीचं औषध दिलं. त्यात भरपूर ज्येष्ठमध.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा खोकला गेला होता. चेहरा लालबुंद झाला होता. "बाई, डोकं जरा जड आहे," एवढं म्हणून ते बाकावर बसले आणि बसल्या बसल्या एका अंगाला कलले.

ही धावली. कोटाची बटणं काढली, मानेखाली हात घातला. "सर, माझ्याकडे बघा. काय घेत होता तुम्ही? आधी, माझ्याकडे यायच्या आधी?"

"रक्तदाबाच्या गोळ्या."

"बंद कधी केल्या?"

"सही केली त्याच दिवशी." त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं. "गोळ्या घेत राहिलो असतो तर विधान खोटं ठरलं असतं."

हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "डॉक्टरांना आणा," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. रक्तदाब असलेल्या माणसाला ज्येष्ठमध द्यायचा नाही, हे तिने मला जेवताना शंभरदा सांगितलं होतं. गोळ्या बंद आणि वर ज्येष्ठमध. मी चपला न घालता कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे पळालो. हा माणूस गेला तर माझ्या कागदाप्रमाणे दोष त्याचा ठरणार होता, आणि त्या क्षणी मला तो कागद कुणी दाखवला असता तर मी गिळून टाकला असता.

डॉक्टर आले. पट्टा बांधला, आकडा बघून भुवया वर गेल्या. त्यांनी गोळी दिली, गाडी बोलावली. हिने आपण होऊन त्यांना औषधातला एकेक घटक सांगितला, ज्येष्ठमध किती तेसुद्धा, काही लपवलं नाही.

"पण यांच्या गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"ह्यांनी," ही म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "आपण कुठल्या हॉस्पिटलला?"

"विमा कंपनीत आहे."

"डॉक्टर म्हणून?"

"कारकून."

त्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं.

हेडमास्तर वाचले. चार दिवस ही रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि माझ्याशी फक्त 'मीठ द्या' एवढंच बोलली. ते घरी आल्यावर मी माफी मागायला गेलो, तर उलट तेच मला समजावायला लागले, "तुमचा मसुदा चोख होता हो. मी तो पाळला, एवढंच चुकलं." पुढे ते आमच्या घरचेच झाले. दर महिन्याला पिशवी घेऊन यायचे, टेबलावर उपडी करायचे, चहा प्यायचे, शाळेतल्या गोष्टी सांगायचे. त्या संध्याकाळी, पातेल्यातली वाफ, त्या दोघांचं हसणं आणि बाहेर उरलेल्या हमीपत्रांच्या कागदात चूर्णाच्या पुड्या बांधत बसलेला मी, हे सगळं आजही डोळ्यांसमोर आहे. फार म्हातारे होऊन, झोपेत गेले ते. ('त्यात ह्यांचा काही हात नव्हता,' असं ही सगळ्यांना आवर्जून सांगते.)

त्यांनीच एकदा हिला एक पाटी करून दिली, बाकासमोर लावायला. अक्षर म्हणजे मोत्यासारखं. 'औषध घेण्यापूर्वी बाईंना पुढील गोष्टी न विसरता सांगाव्यात. इतर डॉक्टरांची औषधे. अलीकडे बंद केलेली औषधे. रक्तदाब, मधुमेह. दिवस गेले असल्यास ते.' मी मोठ्या आदराने खिळा ठोकला, पाटी लावली आणि दोन पावलं मागे सरून शेवटची ओळ वाचली, 'बाईंच्या यजमानांना काही लिहून दिले असल्यास तेही.'

दवाखाना चालू होता तोवर पाटी तिथेच होती. नवा माणूस बाकावर बसला की ती वाचायचा, मग खुर्चीतल्या माझ्याकडे बघायचा आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकायचा.