झिपरोजी अस्वल नळ बदलतो

बाळांनो, एका जंगलात झिपरोजी नावाचं अस्वल राहायचं. गुहा होती, बायको होती, गुहेत न्हाणीघर होतं. जंगलात न्हाणीघर कसं, असं विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर गप्प बसायचं.

त्या न्हाणीघरातला नळ गळायचा. टप, टप, टप. झिपरोजीने त्याला चिंधी बांधली, दोरा गुंडाळला, शिव्याही दिल्या. नळ ढिम्म.

मागच्या खेपेला बायकोचे काका, बाजीबा, महिनाभर राहायला म्हणून आले आणि एका रात्रीत पळाले. जाता जाता साऱ्या जंगलाला सांगत गेले, "आमच्या जावयाला साधा नळ बदलता येत नाही!" तेव्हापासून कोल्हेसुद्धा झिपरोजीकडे बघून गालातल्या गालात हसत. अब्रूच गेली म्हणा ना.

आता काका पुन्हा यायचे होते. आजच.

"अहो, प्लंबरला बोलवा," बायको यमुना म्हणाली.

"अगं, त्यात काय आहे? मी व्हिडिओ पाहिलाय."

पाहिला होता, पण सुरुवातीची बडबड पुढे ढकलून. आधी पाण्याचा मेन कॉक बंद करा, एवढंच त्या बडबडीत सांगितलं होतं.

झिपरोजीने पाना उचलला.

"थांबा!" यमुना ओरडली. "नारळ नाही फोडला!"

खरंच की! शुभकार्य आणि नारळाशिवाय? नळाला हळदकुंकू लागलं. उदबत्ती लागली. पण न्हाणीघरात दगड कुठून आणायचा? झिपरोजीने इकडेतिकडे पाहिलं आणि नारळ जोरात नळावरच आपटला.

नारळ शाबूत. नळ उडाला.

मग काय विचारता! फवारा थेट छताला. साबण पळाला, बादली तरंगली, उदबत्ती विझली. झिपरोजी पंजांनी भोक दाबतोय, तर पाणी नाकात. "यमुने, धाव!" यमुना हसता हसता पडली, उठली, पुन्हा पडली आणि कशीबशी बाहेर जाऊन मेन कॉक बंद करून आली.

पण गडी हटला नाही. नव्या नळाच्या आट्यांवर त्याने पांढरी टेप गुंडाळली. इतकी गुंडाळली की नळ आत शिरेचना. अर्धी सोडवली, मग बसवला. पाणी सोडलं.

एक थेंब गळला नाही! झिपरोजी आनंदाने नाचला, ओल्या फरशीवर घसरला आणि पडल्या पडल्याही नाचत राहिला.

काका आले. जेवले. झोपले. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली तेव्हा उठले.

"जावईबापू, मानलं तुम्हाला! मागच्या वेळी त्या टपटपीनं वेड लागायची पाळी आली होती. काल काय झोप लागली म्हणता! साऱ्या जंगलाला सांगतो बघा."

झिपरोजीची छाती फुगली. "त्यात काय विशेष, काका!"

"विशेष नाही कसं? आता मी इथून जायचं नावच काढत नाही. आमच्या घरचा नळ फार गळतो हो."

तात्पर्य : गळका नळ बदलण्याआधी, त्याने आजवर कुणाकुणाला परत पाठवलं याची नीट चौकशी करावी.