बुसानमधला माफीनामा

डॉ. चंद्रशेखर बोरवणकरांची पक्की खात्री होती, बायकोला, इरावतीला दहा दिवस कोरियात, बुसानला नेलं की ती आपला निर्णय बदलणार. बदलणार म्हणजे बदलणारच! उभी हयात नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेलेली. माणसाला केव्हा आणि किती गुंगवायचं, हे त्यांना कोण शिकवणार?

निर्णय साधाच होता. एका रविवारी भांडी पुसता पुसता इरावतीबाई म्हणाल्या होत्या, "मी एडिनबराला जातेय, देविकाकडे."

"लेकीकडे? जा की! किती दिवस?"

"दिवस नाही. राहायलाच."

भांडण नाही, आदळआपट नाही! छत्तीस वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत डॉक्टरांनी सुट्ट्या रद्द केल्या होत्या, आणि बाईंनी संध्याकाळी एकटीने कोरियन मालिका बघितल्या होत्या.

डॉक्टरांनी तिकिटं काढली आणि एक तक्ता केला, ऑपरेशनच्या यादीसारखा! नऊ वीस, समुद्राकाठचं बौद्ध देऊळ. अकरा चाळीस, डोंगरावरची रंगीत घरांची वस्ती. एक पाच, मासळीबाजार. देवळाच्या शंभरावर पायऱ्या ते अशा उतरले, जणू खाली कुणाचं हृदय बंद पडलंय!

"अहो, जरा बसू या ना. समुद्र बघू दे."

"बघ की! चार मिनिटं आहेत!"

तिसऱ्या दिवशी बाईंचे गुडघे संपावर गेले. म्युझियम रद्द करून दोघं एका भल्यामोठ्या गरम पाण्याच्या स्नानगृहात गेले. आंघोळी वेगवेगळ्या, पण नंतर बायका-पुरुष सगळ्यांनी एकसारखे नारिंगी शर्ट-चड्ड्या घालून तापल्या फरशीच्या हॉलमध्ये लोळायचं. चष्म्याची काडी तापून कानाला चटका बसला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा लॉकरमध्ये टाकला. उणे सात नंबर!

हॉलमध्ये नुसतं नारिंगी धुकं. जणू संत्र्यांचा ट्रक उलटलाय! खांबापाशी मात्र एक ओळखीची आकृती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीच अंगकाठी, तसाच उशाला घेतलेला हात, डोक्याला टॉवेल.

डॉक्टर शेजारी टेकले. "इरा, झोपलीस?"

"म्म्."

हा हुंकार ते चांगला ओळखत होते. रागाचा! पण फरशीच्या उबेने म्हणा, किंवा समोर चेहरा नव्हता म्हणून म्हणा, ते बोलायला लागले. तिची आई गेली तेव्हा रजा मिळत असूनही ते पुण्याला गेले नव्हते. देविका झाल्यावर ती महिनाभर रडत होती, आणि ते 'हॉर्मोन्स' म्हणून कामावर निघून जायचे.

"मला कळत नव्हतं असं नाही गं. घरी थांबायची भीती वाटायची. जाऊ नकोस इरा. त्या घरात मी एकटा..."

एक हात आला आणि त्यांच्या हातावर थोपटू लागला. मग आकृती उठून बसली आणि खणखणीत कोरियनमध्ये काहीतरी बोलली. ऐंशीच्या घरातल्या कोरियन आजीबाई! त्यांनी शेजारच्या ताटलीतलं भाजलेलं अंडं सोललं आणि सबंधच्या सबंध डॉक्टरांच्या तोंडात कोंबलं.

"अहो!" मागून खऱ्या इरावतीबाई. "तासभर शोधतेय! या कोण?"

डॉक्टरांना जबरदस्त ठसका लागला. आजीबाई त्यांच्या पाठीत धपाधप गुद्दे घालू लागल्या.

"रडलात की काय?"

"छे, घाम!"

बोलायची हीच वेळ होती. पण ते सगळं पुन्हा, आणि तिच्या डोळ्यांत बघून? "सहाला केबल कारचं बुकिंग आहे," डॉक्टर म्हणाले.

दोन आठवड्यांनी नॉटिंगहॅम स्टेशनवर बाईंच्या दोन बॅगा गाडीत चढल्या. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"इरा..."

"काय?"

दारं टीटी टीटी करायला लागली.

"कचऱ्याची ब्राऊन बिन कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायची?"

"फ्रिजवर लिहून ठेवलंय."

घरी फ्रिजवर खरंच कागद होता. बिन, बॉयलर, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, सगळं सुवाच्य अक्षरात. कोपऱ्यात तारीख होती, बुसानला निघायच्या आदल्या दिवसाची!

डॉक्टरांनी चष्मा पुसून ती तारीख पुन्हा वाचली. मग बाहेर जाऊन त्यांनी बिन फुटपाथवर लावली. चुकीची!