जिन्यातून सुटणारी गाडी

"याला आता चालतं करा," पशुवैद्य बाई मांजराच्या पोटावरचा हात काढत म्हणाल्या, आणि निवेदकांना राग आला. एकतीस वर्षं बसस्थानकाच्या माइकवर शब्द तोलूनमापून बोललेला माणूस तो. 'चालतं करणं' म्हणजे घराबाहेर काढणं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी मांजर दोन्ही हातांनी उचललं, कारण एका हातानं ते उचललं जात नसे, आणि तडक घर गाठलं. दोन दिवस ते फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. अहो, चालतं करा म्हणजे चालायला लावा. साडेआठ किलो वजन, रक्तात साखर, गुडघे आखडलेले, हृदयावर चरबीचं ओझं. महिन्यानं पुन्हा वजन करू. प्रकृती अशीच राहिली तर माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

"फार म्हणजे किती?" निवेदकांनी विचारलं.

बाईंनी उलटच विचारलं, "घरात आणखी कुणी आहे का? तुमच्या सोबतीला, म्हणजे."

निवेदकांनी आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवला.

मांजराचं नाव गाठोडं. बसस्थानकावरच्या बाकाखाली सापडलं तेव्हा ते रुमालाएवढं होतं. निवेदकांनी नियमानुसार तीन दिवस घोषणा केली, की काळं-पांढरं पिल्लू सापडलं आहे, ज्याचं असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावं. कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी ते बेवारस सामानाच्या वहीत चढलं आणि तिथून निवेदकांच्या मांडीवर. पुढे बायको गेली, मुलगा परगावी रमला, नोकरी संपली. घरातली माणसं कमी होत गेली, तसं मांडीवरचं वजन वाढत गेलं. सबंध गावाला निवेदकांचा आवाज ठाऊक होता आणि चेहरा कुणालाच नव्हता. दुकानात ते काही मागायला लागले, की मागचे लोक दचकून घड्याळाकडे बघत आणि पिशव्या उचलत. त्यामुळे हल्ली ते दुकानात बोटानंच दाखवत आणि घरी येऊन गाठोड्याशी बोलत.

आता व्यायाम. निवेदकांनी दोरीला बूच बांधून घरभर ओढलं. गाठोडं ते मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी बघत राहिलं. दहा मिनिटांनी निवेदकांना धाप लागली तेव्हा त्यानं जांभई दिली. त्यांनी चेंडू आणला, तो कपाटाखाली गेला. तो काढायला निवेदक पालथे झाले, तर गाठोडं त्यांच्या पाठीवर येऊन बसलं. त्या आठवड्यातली त्याची सर्वांत मोठी हालचाल तीच. मग त्यांनी खाण्याची वाटी लांब गच्चीच्या दाराशी नेऊन ठेवली. न कळवता खिडकी बदलणाऱ्या कारकुनाकडे रांगेतला माणूस बघतो, तसं गाठोडं त्यांच्याकडे बघत बसलं. दोन वेळची उपासमार झाली. तिसऱ्या वेळी निवेदकांनीच वाटी आणून त्याच्या हनुवटीखाली ठेवली.

"अरे, मरशील," ते म्हणाले. गाठोड्यानं कानही हलवला नाही. तेव्हा वैतागून, निव्वळ जुन्या सवयीनं, निवेदकांच्या तोंडून निघालं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

गाठोडं उठलं आणि शांतपणे दाराबाहेर चालू पडलं.

निवेदकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लहानपणी एकदा हे मांजर ऐन घोषणेत माइकमध्ये ओरडलं होतं आणि साहेबांनी लेखी खुलासा मागितला होता. तेव्हापासून घोषणा सुरू झाली की मांजरानं खोलीबाहेर जायचं, ही शिस्त त्याला लावली होती. नोकरी सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून निवेदकांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभं राहून सकाळी साडेनऊ आणि दुपारी साडेचार अशा दोन गाड्या सोडायला सुरुवात केली. घोषणा जितकी लांब, तितकं मांजर खाली जाई. सगळे थांबे नीट घेतले, की ते थेट तळमजल्यावरच्या बाकापर्यंत पोचायचं आणि अर्ध्या तासानं धापा टाकत वर यायचं.

आठवड्यानं पहिल्या मजल्यावरची सूनबाई दारात उभी राहिली.

"काका, तुमच्या गाडीनं आमच्या सासूबाईंना वेड लावलंय."

"कोणत्या?" निवेदकांनी विचारलं. "सकाळच्या की दुपारच्या?"

सूनबाईनं जे सांगितलं ते असं. सासूबाईंना घरातलं बोलणं ऐकू येत नाही, ही घोषणा मात्र बरोबर ऐकू येते. ऐकली की त्या पायात चपला घालतात, पिशवी भरतात, वाटेत खायला लोणी लावलेला पाव घेतात आणि खाली बाकावर जाऊन बसतात. कुठं निघालात विचारलं तर म्हणतात, गाडी जाईल तिकडं. आल्यागेल्याला वाटतं, सुनेनं घराबाहेर काढलंय.

निवेदक खजील झाले. पण घोषणा बंद केली तर गाठोडं बसणार, आणि बसलं तर कायमचं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला आणि दुसऱ्या दिवशी गाडी पाऊण तास उशिरा धावत असल्याचं जाहीर केलं. खालच्या आजी, म्हणजे त्या सासूबाई, पाऊण तास जास्त बसल्या. मग त्यांनी अपरिहार्य कारणामुळे गाडी रद्द केली, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. रद्द म्हटल्यावर पुढे घोषणा ती कसली? गाठोडं मांडीवर परतलं, आणि खाली आजींनी अंथरूण धरलं.

तिसऱ्या दिवशी सूनबाई पुन्हा आली. आता आवाज अगदीच खाली आला होता.

"काका, गाडी सोडा. घास गिळत नाहीत ओ. भिंतीकडं तोंड करून पडल्यात."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी सांगेन, गावाला निघाल्यात म्हणून."

वाहतूक पूर्ववत सुरू झाली. महिना भरला तेव्हा निवेदकांनी गाठोडं पुन्हा काट्यावर ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं. पशुवैद्य बाईंनी गुडघे वाकवून पाहिले, छाती ऐकली, आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पाय मोकळे झाले होते, हृदय सुधारलं होतं, आणि वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं. हे तुम्ही कसं साधलंत, असं त्यांनी विचारलं, कारण त्यांच्या शास्त्रात ते बसत नव्हतं. मग त्यांनी मांजराच्या मिशीवरून बोट फिरवलं. बोटाला लोणी लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊची घोषणा करून निवेदक पहिल्यांदाच गाठोड्यामागोमाग स्वतः खाली उतरले. बाकावर आजी, आजींच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत मानेपर्यंत गाठोडं, असा देखावा होता.

"आजी, हे लोणी त्याला मारेल," निवेदक म्हणाले. रागवायचं होतं, पण त्यांचा आवाज भलतीकडेच गेला. "मला दुसरं कुणी नाही हो."

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तो आवाज तुमचा होय. मला वाटलं, चांगला उंचापुरा माणूस असेल."

"लोणी द्यायचं नाही," निवेदक म्हणाले. "आणि आजी, इथं गाडी येत नाही. मी उगाच ओरडतो. मांजर चालावं म्हणून."

"जिन्यात गाडी येत नाही, हे मला कळत नाही होय?" आजी म्हणाल्या. "येडी आहे का मी?"

"मग रोज पिशवी भरून येता ते?"

आजींनी लोण्याचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "दिवसातनं दोनदा कुणीतरी 'कृपया' म्हणतं. घरात मला कोण म्हणतंय? म्हटलं, एवढं आर्जवानं बोलावतायत, जाऊन बसावं." मग म्हणाल्या, "लोणी बंद. पण मग गाडी तीनदा सोडा."

निवेदकांनी वेळापत्रकावर विचार करू असं सांगितलं. संध्याकाळी सहाला ते दारात उभे राहिले आणि नव्या जादा गाडीची घोषणा केली, सगळ्या थांब्यांसकट. गाठोडं जागचं हललं नाही. लोणी बंद झाल्याची बातमी त्याला लागली असावी. निवेदकांनी पुन्हा कृपया म्हटलं. मग अत्यंत नम्र विनंती केली. गाठोड्यानं डोळे मिटून घेतले.

खाली बाक सरकल्याचा आवाज आला. जादा गाडीचे प्रवासी वेळेआधीच हजर होते. निवेदकांनी चपला घातल्या, किल्ली खिशात टाकली आणि एकटेच जिना उतरू लागले. पहिल्या वळणापर्यंत मागं काही नव्हतं. मग वरून पायरीवर काहीतरी मऊ आणि जड पडलं. थोड्या वेळानं दुसरं पाऊल, मग तिसरं, तक्रारीच्या सुरात.

निवेदकांनी वळून पाहिलं नाही. घोषणाही केली नाही. फक्त त्याला गाठता यावं म्हणून ते जरा सावकाश उतरू लागले.