बत्तीस तिरके दात

अकराला नव्या दवाखान्याचं उद्घाटन, आणि साडेनऊला सुनेच्या कॉम्प्युटरवर दातांच्या जागी बाथरूमच्या फरशा.

दातांच्या डॉक्टरांची जाहिरात म्हणजे सुनेचं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं पहिलं काम. एकेक दात उडी मारत यायचा आणि बत्तीस दातांचं हसू व्हायचं. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन टाकायचा, त्याला दाताचा आकार द्यायचा, आकडा घातला की तसेच बत्तीस तयार. डॉक्टरांनी फरशा नापास केल्या. तिने कोपरे गोल केले, तर म्हणाले, ही अंडी झाली. आता नाही जमलं तर उद्घाटनाला पडद्यावर दवाखान्याचा फोटोच लावतो.

तिच्या सासूबाई सकाळपासून चारदा बसल्या आणि पाचदा उठल्या. दारात सासरे कवळीचा पेला घेऊन डोकावले. ज्यांना स्वतःचे दात सांभाळता आले नाहीत त्यांनी दुसऱ्यांच्या दातांत लक्ष घालू नये, असं सासूबाईंनी त्यांना नेहमीसारखं सुनावलं. अडुसष्टाव्या वर्षी आपले दात एकूण एक शाबूत आहेत, हे त्या घरात रोज एकदा तरी ऐकवत.

"अगं, दात कसा असतो ते बघ तरी," म्हणत त्यांनी सुनेसमोर तोंड उघडलं.

सुनेने समोरचाच दात धरला. चौकोनाची टोकं ओढली, वरची बाजू अरुंद केली. दात जरासा तिरका होता, तेही तसंच उतरवलं. बत्तीस आकडा टाकला आणि हसू उड्या मारत आलं.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी ते दोनदा पाहिलं. सगळे एकाच बाजूला कसे झुकलेत, त्यांनी विचारलं. एक तिरका म्हणजे बत्तीसही तिरके, हे सुनेच्या तेव्हा लक्षात आलं. ती सरळ करायला निघाली.

"हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. "हा दात माझ्या हातचा आहे."

वीस वर्षांत कवळीतला एक दात तिरका ठेवा, म्हणजे कुणाला संशय येणार नाही, असं सांगणारा पेशंट त्यांना एकच भेटला होता. हसू त्यांना पसंत होतं, अगदी जिवंत वाटत होतं. पण पेशंटची कवळी न विचारता चारचौघांत दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. होकार असेल तर आत्ता लावतो, नाहीतर राहू दे, म्हणाले.

सून कीबोर्डकडे बघत राहिली. सासरे पेला घेऊन दारातून आत आले. सासूबाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, खुर्ची सरकवली, पुन्हा होती तिथे ठेवली. घड्याळात पावणेअकरा.

"होकार आहे," त्या म्हणाल्या. "पण दात तिरकाच ठेवा. त्याच्यापायी तासभर जास्त आ करून बसले होते मी."

सासरे आत गेले, कपाटातून दुसरा पेला काढला, धुतला, पुसला आणि आपल्या पेल्याच्या जागेशेजारी ठेवला.